हळव्या जातीची धार

तिनं लोखंडी कांब रस्त्यावर उभी धरली, तिच्या वरच्या वाटीला कान टेकवला आणि डोळे मिटून घेतले. दुपारची वेळ होती. गल्ली जेवून सुस्तावली होती आणि तिला हवी होती तेवढी शांतता अशाच वेळी मिळायची.

"काय म्हणतोय रस्ता?" वायसरनं विचारलं.

"तू गप्प राहिलास तर सांगेल."

वायसर हा पाणीखात्यातला फिटर, ती तिथलीच इंजिनीअर. कुठं दोघांची जुंपली की हा नळातल्या रबरी चकतीसारखा मध्ये जाऊन बसायचा आणि काहीतरी बोलून दोघांनाही हसवायचा, म्हणून खात्यानं त्याला हे नाव दिलं होतं. आता तो मध्ये बसायला कुणी नसल्यानं कडेच्या दगडावर बसला होता आणि गप्प राहण्याचं अवघड काम करत होता.

गेले काही दिवस दोघं वरच्या चौकापासून असेच कान लावत खाली येत होते. या गल्लीखालून शहराची सगळ्यात जुनी मुख्य लाइन जात होती. चांगला पाइप मुका असतो. पाणी त्याच्यातून पाय न वाजवता जातं. फुटका पाइप बोलतो. कुठं फुसफुसतो, कुठं घुमतो, कुठं झोप न येणाऱ्या म्हाताऱ्यासारखा सुस्कारे टाकत राहतो. तिला चौकात ऐकू आला तो असा सुस्काराच होता, आणि उतारावर पावलागणिक तो जवळ येत होता.

ती उठली, थोडी खाली सरकली, पुन्हा वाकली. मग आणखी खाली. मग कांब टेकवायची तशीच राहिली आणि तिनं मान वर केली. समोर तिच्याच घराचं फाटक होतं.

"बाई," वायसर हळूच म्हणाला, "पुढं ऐकायचं, की आज इथंच थांबायचं?"

थांबणं तिच्या हातात नव्हतं. नगरपालिकेकडं यंदा एकाच मोठ्या कामापुरता पैसा होता आणि अध्यक्षांना टेकडीवर नवी टाकी हवी होती. उंच, गोल, वर दिवे. तिनं सभेत जुन्या लाइनचा विषय काढला तेव्हा ते खुर्चीत मागं रेलले होते.

"टाकी दिसते हो. लोक मान वर करून बघतात. तुमचा पाइप पडला गाडलेला. त्याचं उद्घाटन करायचं तर मला खड्ड्यात उतरावं लागेल."

सभा हसली. तीही हसली, कारण ते खोटं नव्हतं.

"पण साहेब, टाकीतलं पाणी याच पाइपातून खाली येणार. खिसा फाटका असेल तर पगार वाढून काय उपयोग?"

"खिसा फाटलाय, खिसा फाटलाय, सगळे म्हणतात. भोक कुठंय ते कुणी दाखवत नाही." त्यांच्या आवाजात चीड नव्हती, उलट खरोखरचं कुतूहल होतं. "मागं तुमच्याच खात्याच्या सांगण्यावरून अख्खा बाजाररस्ता उकरला. कोरडी माती निघाली. लोक मला वर्षभर उंदीर म्हणत होते. एक भोक दाखवा, माझ्या डोळ्यांना दिसेल असं. पुढच्या सभेच्या आत. मग टाकी राहू दे."

भोक सापडलं होतं. तिनं फाटक ढकललं, घराच्या बाजूनं मागच्या परसात गेली आणि झऱ्यासमोर उभी राहिली.

झरा दोन घरांच्या मधल्या भिंतीखाली होता. काळ्या दगडाच्या फटीतून बोटाएवढी धार यायची आणि एका दगडी कुंडीत पडायची. कुंडी भिंतीखालून पलीकडं गेलेली. अर्धी या घरची, अर्धी त्या घरची. इकडं आई राहायच्या, म्हणजे तिच्या सासूबाई. तिकडं काकू, आईंच्या धाकट्या जाऊबाई. झरा गल्लीत आधीपासून होता असं कुणी म्हणत नसे. तो आईंच्या लग्नाच्या जरा आधी फुटला, आणि तेव्हापासून कायमचा असा कधी आटला नाही.

गल्लीला त्याच्याबद्दल दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक म्हणजे तो औषधी होता. सकाळी सकाळी त्याच्या पाण्याला दवाखान्यासारखा वास यायचा, आणि अंगावर फोड उठलेली पोरं घेऊन बाया लांबून यायच्या. दुसरं म्हणजे तो रुसायचा. गल्लीत कुणी भांडलं की धार बारीक व्हायची, फारच भांडलं तर बंद. ज्या दिवशी नळाला पाणी नसे त्या दिवशी गल्लीत बादल्यांवरून हमखास तंटे होत, आणि हमखास झरा आटे. मग म्हातारी माणसं दारोदार जाऊन भांडणं मिटवत, आणि दुसऱ्या दिवशी धार परत येई. भांडायचंच असेल तर वरच्या चौकात जाऊन भांडा, अशी गल्लीत पद्धत पडली होती. नव्या सुनांना पहिल्याच दिवशी तसं सांगत.

आईंनी यावर स्वतःच एक ओवी जुळवली होती. कर्दळींना पाणी घालताना त्या ती गुणगुणत:

दगडाच्या पोटी, धार हळव्या जातीची
उणा शब्द येता, वाट धरते मातीची

मग या दोघी जावांचं काय, असं नवा माणूस विचारायचाच. कारण आई आणि काकू कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. वाटणी झाली, भिंत उभी राहिली, तेव्हा आई म्हणाल्या होत्या, "पाणी तरी अर्धं मिळतंय ना?" काकूंनी उत्तर दिलं नव्हतं. ते अजून आलं नव्हतं. पण गल्लीकडं याचंही उत्तर तयार होतं. "त्या भांडतात कुठं? अबोला आहे तो. अबोल्याला आवाज असतो का, झऱ्याला ऐकू जायला?"

ती लग्न होऊन आली तेव्हा तिनं हे सगळं हसून ऐकलं होतं. त्या औषधाच्या वासाचा धागा कधी तिच्या मनात आपल्या खात्याशी जुळला नव्हता. पाण्यात औषध टाकायचं वेळापत्रक ठरवायची तीच, आणि घरी येऊन त्याच पाण्यानं तोंड धुवायची तीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायसर वरच्या चौकात व्हॉल्व्हपाशी उभा राहिला आणि ती फोन घेऊन कुंडीच्या काठावर बसली. आई ओल्या फडक्यानं कर्दळीची पानं पुसत होत्या.

"कर बंद," ती फोनमध्ये हळू म्हणाली.

बराच वेळ काही झालं नाही. मग धार थरथरली, करंगळीएवढी झाली, सुतासारखी झाली. शेवटचा थेंब दगडाच्या ओठावर लोंबत राहिला आणि तोही गेला.

आईंचा हात पानावर थांबला.

"कोण भांडलं?"

"कुणी नाही, आई."

"तू फोनवर नवऱ्याला काही बोललीस का?"

नवरा कामासाठी दुसऱ्या गावी असायचा आणि भांडण्याइतका वेळ फोनवर कधी मिळायचा नाही. "वायसरशी बोलत होते."

"मग नाही. त्याच्याशी भांडण जमायचं नाही कुणाला."

तेवढ्यात भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. त्या आपल्या मांजरीशी बोलत होत्या. "बघितलंस ना, मने? कुणाच्या तरी जिभेचा प्रताप."

आई कर्दळीकडं वळल्या. "कर्दळीबाई, काहींचं ऐकायला घरात मांजरच उरलंय, काय करणार."

अबोल्यात एवढं चालायचं. नाव घ्यायचं नाही आणि भिंतीकडं बघायचं नाही, एवढाच नियम.

"सोड," ती फोनमध्ये म्हणाली.

दगडानं खोकल्यासारखा आवाज केला, थोडी माती थुंकली, आणि धार आली. ताजी, जोरकस, औषधाच्या वासाची. आईंचा चेहरा उजळला.

"आला बघ. गप्प बसलं की येतो."

तिला आनंद व्हायला हवा होता. कान बरोबर निघाले होते; सभेत ताठ मानेनं उभं राहता येणार होतं. तिनं ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारलं आणि ते पुसायचं विसरून बराच वेळ तशीच बसली.

संध्याकाळी चहा पिताना तिनं विषय काढून पाहिला.

"आई, समजा हा झरा झराच नसला तर?"

"म्हणजे?"

"समजा दुसऱ्याच कुणाचं पाणी वाट चुकून आपल्याकडं आलंय."

आईंनी कपात फुंकर घातली. "वाट चुकलेलं का असेना, आलं, राहिलं, घरचं झालं. मीही काही या घरात उगवले नव्हते." मग जरा थांबून म्हणाल्या, "रस्ता खोदणार आहात काय?"

"बहुतेक."

"खोदा. माती तेवढी कर्दळीवर टाकू नका."

कप विसळायला ती आत गेली आणि एकच कप पुन्हा पुन्हा विसळत राहिली.

अध्यक्ष सभेच्या आदल्या दिवशी आले. आईंनी त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि त्या आत गेल्या. वायसरला चौकात उभं केलेलंच होतं. धार बंद झाली, सुरू झाली. अध्यक्ष कुंडीवर वाकून बघत होते.

"पुन्हा करा."

पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतः फोन मागून घेतला आणि "बंद!" म्हणाले, "सोड!" म्हणाले, आणि जादू जमलेल्या पोरासारखे तिच्याकडं बघून हसले. मग चहा घ्यायला टेकले तेव्हा हसू हळूहळू मावळलं.

"मला लहानपणी आई इथं घेऊन यायची," ते म्हणाले. "खरूज झाली होती. इथल्याच पाण्यानं बरी झाली. आम्ही केवढं मानायचो या झऱ्याला."

"झाली असेल, साहेब. रोज स्वच्छ धुतली की होते बरी."

"मग घरी का नाही धुतली?" हे त्यांनी स्वतःलाच विचारलं. उत्तरही त्यांच्याकडंच होतं. ते वरच्या आळीतले. त्या आळीत नळ होते, पण जोर इथं खालीच गळून गेल्यानं पाणी वर चढायचं नाही. अजूनही पुरतं चढत नव्हतं. त्यांची आई दोन्ही हातांत कळशा घेऊन उतार उतरायची आणि चढण चढायची.

अध्यक्ष धारेकडं बघत राहिले. आता त्यांना ते कुणाच्या तरी घरी पोचायचं राहिलेलं पाणी दिसत होतं.

"टाकीच्या पाटीसाठी दगड घडवायला टाकला होता मी," जाताना ते फाटकाशी म्हणाले. "चांगला आहे दगड. कुणाच्या तरी पायरीला होईल."

सभेत ठराव झाला. घरापुढं रस्ता खोदला गेला आणि जुनी लाइन उघडी पडली. दोन पाइपांचा सांधा निखळला होता, तिथून पाणी खडकाच्या कडेनं वाट काढत सरळ परसाकडं निघालं होतं. किती वर्षं, ते खडकावर पडलेल्या गुळगुळीत पन्हाळीनं सांगितलं. सांधा नवा झाला. पुढची लाइन बदलायचं काम खाली सरकत गेलं. वायसरनं व्हॉल्व्ह उघडला तेव्हा वरच्या आळीतून आरडाओरडा ऐकू आला. एका घरात नळ उघडा राहिला होता आणि जिन्यावरून पाणी वाहत होतं.

तिनं रस्त्यावर कांब टेकवली. आत काही नव्हतं. सुस्कारा नाही, कुजबूज नाही. तिच्या कामात यापेक्षा गोड काही ऐकायला मिळत नाही. पण ती परसात गेली तेव्हा आई कोरड्या दगडावर तळवा ठेवून बसल्या होत्या, ताप बघतात तसा.

पहिल्या दिवशी गल्ली म्हणाली, रुसलाय, येईल. मग शोध सुरू झाला. पिठाच्या गिरणीवाल्यानं भावाला फोन केला. समोरच्या दोन घरांनी कचऱ्याच्या डब्यावरून चाललेला वाद मिटवला. एका सासूनं सुनेला बाजारात सोबत नेलं, ही बातमी तर दिवसभर पुरली. दगड कोरडाच. शेवटी सगळे तिच्याच फाटकाशी जमले.

"आता भांडण म्हणून उरलं नाही गल्लीत," गिरणीवाला म्हणाला.

"अबोला आहे की एक," कुणीतरी म्हणालं.

"अबोला म्हणजे भांडण नव्हे. ठरलंय ते."

"कुणी ठरवलंय? झऱ्याला विचारलं होतं का? अबोला म्हणजे वाळवून ठेवलेलं भांडण. टिकतं जास्त, एवढंच."

सगळे वायसरकडं वळले. असल्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा होता. त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सगळं सांगून टाकायची तयारी दिसत होती. तो चटकन मध्ये येऊन उभा राहिला.

"मला विचाराल तर," तो म्हणाला, "सांधा जुना असला म्हणून सोडून द्यायचा नसतो."

तिनं ठरवलं, आज आईंना सांगायचं. उगाच गल्लीनं वाट बघत राहायची आणि दोघी म्हाताऱ्यांना दोष लावायचा, हे तिला सहन होईना. ती परसात गेली आणि आईंच्या शेजारी खाली बसली.

"आई, मला तुम्हाला एक..."

फाटक वाजलं. पायांचा आवाज घराच्या बाजूनं आला आणि कोपऱ्याशी थांबला. काकू उभ्या होत्या. कडेवर मांजर. भिंतीपलीकडून इकडं यायला त्यांना अर्ध्या गल्लीचा वळसा घालावा लागला होता.

"मने," काकू मांजरीला म्हणाल्या, "विचार बरं, आत यावं का?"

आईंनी मान वर केली नाही. "कर्दळीबाई, सांग की, फाटकाला कधी कुलूप घातलं होतं?"

मांजर खाली उतरली आणि कोरड्या कुंडीत जाऊन गोल होऊन बसली. आता बोलायला मध्ये कुणी उरलं नाही. काकू थोडा वेळ घुटमळल्या. मग कुंडीच्या काठावर टेकल्या.

"वाळलात, जाऊबाई," त्या म्हणाल्या.

"तू कुठं फुगलीस?"

एवढंच झालं. दोघीही दगडाकडं बघत बसल्या. तिला आपण उठावं की बसावं हे समजेना.

"चहा टाकते मी," काकू एकदम उठल्या. "कप कुठं ठेवता आता?"

"जिथं तू ठेवायचीस तिथंच."

काकू आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. फडताळाचं ते दार, जे थोडं उचलून ओढावं लागतं, पहिल्याच झटक्यात उघडलं.

आई तिच्याकडं झुकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "वरच्या आळीला पाणी चढलं म्हणे, जिन्यावरून वाहीपर्यंत."

ती बघतच राहिली. "आई, तुम्हाला..."

"चाळीस वर्षं त्या पाण्यानं तोंड धुतलंय. नळाचा वास आणि झऱ्याचा वास वेगळा असतो होय ग? चांगलं केलंत. चढण चढणाऱ्या बायांना मी रोज बघायचे." त्यांनी स्वयंपाकघराकडं डोळ्यांनी खूण केली. "हिला मात्र सांगू नकोस. ती झऱ्यासाठी आलीय."

काकू कप घेऊन बाहेर आल्या. चालता चालता त्या काहीतरी गुणगुणत होत्या. चाल आईंच्याच ओवीची होती, शब्द वेगळे:

कशाला बोलावू, धार गेली गं माहेरी
जावा दोघी जणी, बसू दगडाशेजारी

माहेरी. म्हणजे जिथून आली तिथंच परत. तिनं झटकन वर पाहिलं. काकूंनी तिच्या हातात कप दिला आणि देताना डोळा बारीक केला. एवढा बारीक की ऊन लागलं असंही म्हणता आलं असतं. आईंकडं त्यांची पाठ होती.

"दगडाला ओल आलीय का, बघा बरं," काकू आईंना म्हणाल्या.

आईंनी हात लावला. दगड उन्हानं तापला होता. "आलीय जराशी."

"मलाही वाटलंच. अगं ए इंजिनीअर, तुझी ती कांब आण की. आत काही आहे का ते तरी कळेल."

तिनं कांब आणली. काळ्या दगडाच्या फटीवर टेकवली, वाटीला कान लावला, डोळे मिटले. आत शांत होतं, नीट जुळलेल्या सांध्यासारखं.

"काय म्हणतोय?" दोघींनी एकदमच विचारलं.

"तुम्ही गप्प राहिलात तर सांगेल," ती म्हणाली.

पण त्या दोघी काही गप्प राहिल्या नाहीत.